डिसेंबरात बॉस्टन: आईबाबांना घेऊन फ्रीडम ट्रेल एका दिवसात होईल का?

निळीशाई:
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आईबाबांना बॉस्टन दाखवायचं आहे. हातात एकच दिवस, बुधवार. बाबांना इतिहासाचं भारी वेड, म्हणून फ्रीडम ट्रेल, म्हणजे जमिनीवरच्या लाल रेघेने शहरातली ऐतिहासिक ठिकाणं जोडणारा पायी मार्ग, नक्की. पण चार किलोमीटर आणि 16 ठिकाणं, त्यात आईचे गुडघे दुखतात आणि दोघांनाही बर्फाची सवय नाही. काय ठेवू, काय गाळू?

पायवाट:
सोळाच्या सोळा करायला जाऊ नका. त्या दिवसांत सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. नदीपलीकडचं चार्ल्सटाउन सरळ गाळा. पुलावर वारा झोंबतो आणि तिथल्या बंकर हिल स्मारकाच्या 294 पायऱ्या आईंना नकोतच.

दहाला पार्क स्ट्रीट स्टेशनवर उतरा. वर आलं की समोर बॉस्टन कॉमन, 1634 पासूनचं सार्वजनिक मैदान, आणि चढावर स्टेट हाउसचा, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीचा सोनेरी घुमट. बुधवार निवडलात हे उत्तम, शनिवार-रविवारी ते आतून बघता येत नाही. मग ग्रॅनरी दफनभूमी. अमेरिकी स्वातंत्र्यलढ्यातले सॅम्युएल ॲडम्स, जॉन हॅनकॉक, पॉल रिव्हियर तिघंही इथेच पुरलेले आहेत, त्यामुळे बाबा रेंगाळणार हे धरूनच चाला. पाटीच्या दगडाच्या थडग्यांवर पंख फुटलेल्या कवट्या कोरल्या आहेत. हिवाळ्यातलं तिरपं ऊन पडलं की झिजलेली अक्षरंसुद्धा वाचता येतात, माझे सासरे बोट फिरवल्यासारखं हवेतच हात फिरवत एकेक नाव वाचत होते.

खरा वेळ द्या ओल्ड साउथ मीटिंग हाउसला. 16 डिसेंबर 1773 ला ब्रिटिशांच्या चहाच्या करावरून सुमारे पाच हजार माणसं इथे जमली आणि त्याच रात्री निषेध म्हणून बंदरात चहाच्या पेट्या पाण्यात रिकाम्या झाल्या, हीच ती बॉस्टन टी पार्टी. म्हणजे तुम्ही अगदी त्याच आठवड्यात जाताय! पुढे ब्रिटिश सैन्याने आतली बाकं मोडून तिथे घोडेस्वारीचा सराव केला. हे सगळं बाकावर बसून, ऊब घेत बाबांना सांगता येईल. आईंचे गुडघेही मोकळे होतील.

बर्फाळवाट:
पायवाट यांच्याशी सहमत, फक्त बुटांचं सांगते. ट्रेलची लाल रेघ बऱ्याच ठिकाणी विटांचीच आहे आणि ओल्या विटांवर रात्री पातळ बर्फ धरतो, तो दिसत नाही. माझे वडील असेच घसरले, मनगट मुरगळलं. बुटांवर चढवायचे रबरी काटे घ्या, पण इमारतीत शिरताना काढा, गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात.

ओल्ड स्टेट हाउसच्या (1713) खालीच मेट्रोचं स्टेशन आहे. आई दमल्या तर तिथूनच परत फिरा. त्याआधी बाहेरचं दगडांचं वर्तुळ दाखवा. 5 मार्च 1770 ला ब्रिटिश शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या, त्या बॉस्टन हत्याकांडाची ती खूण. तेव्हाही रस्त्यावर बर्फ होता आणि जमावाने शिपायांवर बर्फाचे गोळे फेकले होते.

पायवाट:
हो, आणि जेवण क्विन्सी मार्केटमध्ये. आत छप्पर आहे, स्वच्छतागृहं आहेत.

निळीशाई:
दोघांचेही मनापासून आभार. काटे आजच मागवते. ओल्ड नॉर्थ चर्च मात्र बाबांना बघायचंच आहे. ब्रिटिश सैन्य पाण्यावाटे येतंय हे सांगायला 1775 मध्ये तिथे दोन कंदील दाखवले होते, हे लहानपणापासून वाचलंय म्हणतात.

बर्फाळवाट:
मग जेवून झाल्यावर क्विन्सी मार्केटपासून टॅक्सी करा आणि तीनच्या आत पोचा. आईंना चालवू नका.