सेंट्रिफ्यूजमध्ये रक्ताची ट्यूब फुटली तर झाकण कधी उघडायचं?

नमुनापेटी
सेंट्रिफ्यूजमध्ये (ट्यूबा वेगाने फिरवणाऱ्या मशीनमध्ये) रक्तातलं सीरम, म्हणजे वरचा पातळ द्रव, वेगळं करताना काचेची ट्यूब मशीनमध्येच फुटली, तर दोन सल्ले हमखास मिळतात. एक, लगेच उघडून पुसून घ्या, नाहीतर रक्त सुकून बसेल. दुसरा, थांबा. थांबायचं तर किती वेळ? आतून 1 टक्का हायपोने (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनवालं जंतुनाशक) पुसलं तर चालतं का? आणि त्याच फेरीतल्या बाकीच्या ट्यूबांचं काय करायचं?

काचपट्टी
थांबायचंच, आणि 30 मिनिटं. आवाज आला की मोटर बंद करा, झाकणाला हात लावू नका. फिरत्या रोटरवर (ट्यूबा धरून फिरणाऱ्या भागावर) आपटून रक्ताचे इतके बारीक कण होतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण आतल्या हवेत तरंगत असतात. झाकण उचललं की ते थेट तोंडावर येतात. सुकलेलं रक्त भिजवून काढता येतं. डोळ्यांत, नाकात गेलेलं काढता येत नाही.

नंतर गाऊन, मास्क, गॉगल आणि साध्या ग्लोव्हजवर जाड रबरी ग्लोव्हज. ग्लोव्हज कितीही जाड असले तरी काच हाताने उचलायची नाही. मोठे तुकडे चिमट्याने काढा. चुरा चिमट्यात ओला कापूस धरून टिपा. काच थेट शार्प्सच्या (टोकदार, धारदार कचऱ्याच्या) डब्यात.

हायपो मात्र आत नको. क्लोरीनमुळे अ‍ॅल्युमिनियमच्या रोटरला बारीक खड्डे पडतात आणि असा रोटर पुढे वेगात असताना तडकू शकतो. बकेट (रोटरला लटकणारे, ट्यूबा ठेवायचे कप) आणि त्यांच्या तळाच्या रबरी गाद्या झाकणाच्या भांड्यात 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात 30 मिनिटं बुडवा (खिडकी उघडी ठेवून, वाफ झोंबते), मग भरपूर पाण्याने धुवा. मशीनचं आतलं भांडं, जिथे रोटर फिरतो, रक्त टिपून घेतल्यावर 70 टक्के अल्कोहोलने दोनदा पुसा. त्याआधी प्लग काढा आणि पूर्ण कोरडं झाल्याशिवाय लावू नका, अल्कोहोल पेट घेतं.

झाकण घट्ट असलेल्या, न तडकलेल्या ट्यूबा बाहेरून पुसून वापरता येतात. पुसण्याआधी लेबलवरचा नंबर उतरवून घ्या, अल्कोहोलने शाई पसरते. उघड्या ट्यूबा टाकून द्या आणि नमुना परत मागवा. त्यात दुसऱ्याचं रक्त उडालेलं असू शकतं.

तोलकाटा
एक गोष्ट राहिली: गादीखाली अडकलेला काचेचा एक कण पुढच्याच फेरीत दुसरी ट्यूब फोडतो. म्हणून प्रत्येक गादी बाहेर काढून बकेटचा तळ बॅटरीच्या उजेडात पाहा.

फुटण्याचं कारणही तिथेच सापडतं. गादी नसते किंवा झिजून कडक झालेली असते, नाहीतर समोरासमोरच्या बकेटांचं वजन जुळलेलं नसतं. ट्यूबांतली पातळी सारखी दिसली म्हणून वजन सारखं असतंच असं नाही. बकेटसकट तराजूवर ठेवा. तोल साधायला समोर ठेवलेल्या जोड ट्यूबमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरा. सलाइन सांडलं तर त्यातल्या मिठाने बकेट गंजते. अँगल रोटर (ट्यूबा तिरक्या धरणारा) असेल तर ट्यूबच्या काठापासून किमान 2 सेंमी जागा रिकामी सोडा.

स्वच्छहस्त
टेबलावर किंवा फरशीवर उडालेल्या रक्ताला मात्र हायपोच. आधी बाटलीवरची टक्केवारी वाचा: 5 टक्क्यांचं असेल तर 200 मिली त्यात 800 मिली पाणी, 10 टक्क्यांचं असेल तर 100 मिली त्यात 900. दोन्हींचं 1 टक्का होतं. टिपकागद टाका, कडेकडून आत ओता, 10 मिनिटं थांबा, उचला, परत एकदा पुसा. कालचं उरलेलं वापरू नका. सांडलेल्या लघवीवर हायपो थेट ओतू नका, त्रासदायक वायू निघतो. आधी कागदाने टिपून घ्या.

नमुनापेटी
फार उपयोग झाला. फुटल्याचा आवाजच आला नाही आणि झाकण उघडल्यावर रक्त दिसलं तर?

काचपट्टी
तत्क्षणी बंद करा, खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा आणि तिथून पुढे 30 मिनिटं मोजा. उघडणाऱ्याने डोळे आणि तोंड लगेच पाण्याने धुवावेत आणि प्रमुखांना तेव्हाच कळवावं. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं लागलीच तर जितकी लवकर सुरू होतील तितकी बरी. 72 तास उलटल्यावर ती देत नाहीत.