चुंबकं सगळ्यांना पाहिजेत, खोदायचं कुणाच्या दारात?

साखरपेठकर: काल इथं एकानं लिहिलं, 'चीननं एप्रिल २०२५ मध्ये निर्यात परवान्याचं खुसपट काढून विजेच्या गाड्यांच्या मोटरीतली चुंबकं अडकवली. त्यांचा धातू आपल्याकडंही आहे, केरळची वाळू उपसा, रडणाऱ्यांना गप्प करा.' चुंबकाला लागणारा तो धातू, निओडिमियम, काय मुरमासारखा फावड्यानं निघतोय? चीनच्या जिआंगशी प्रांतात डोंगराला भोकं पाडून अमोनियम सल्फेट ओततात. धातू सुटून खाली उतरतात, सोबत अमोनिया विहिरींत. तिकडंच बाओटू शहराजवळ धातू काढून उरलेल्या गाळाचं तळं सुमारे १० चौरस किलोमीटर, त्यात किरणोत्सर्गी थोरियम. शेजारची शेती बसली, लोक उठून गेले.

गाडीवाला: तुमची स्कूटर विजेचीच ना ओ? तिच्या मोटरीत काय आहे, बटाटा? केरळात कोल्लमजवळ चवऱ्याला सरकारी कंपनी कित्येक वर्षं वाळू काढतेय. तिथं किरणोत्सर्ग मुळातच जास्त, तरी २००९ च्या अभ्यासात कॅन्सर जास्त सापडला नाही. माझा मेहुणा पाच वर्षं कोल्लमला होता, ठणठणीत आहे.

साखरपेठकर: मेहुणा म्हणजे पुरावा काय बे? अभ्यास किरणांचा होता, मी धातू वेगळे करताना उरणाऱ्या ॲसिडच्या पाण्याचं बोलतोय. मलेशियात बुकित मेराह गावचे लोक असल्याच धातूंच्या कारखान्याविरुद्ध १९९२ ला कोर्टात जिंकले, १९९३ ला वरच्या कोर्टात हरले. कारखाना १९९४ ला बंद पडला तो पडलाच.

बोअरवाला: मलेशिया कशाला? आमच्या घरामागं डाईंग होतं. आज टॉवेल कुठल्या रंगाचे, ते बादलीत दिसायचं. आईनं बाबांचं धोतर बोअरच्या पाण्यात धुणं सोडलं. तक्रार केली तर साहेब आले, चहा प्याले, चार टॉवेल घेऊन गेले.

भीमाकाठ: आणि उजनी? पुण्याची घाण भीमेतून आमच्या हंड्यात. तेही रोज नाही!

हिंजवडीत सोलापुरी: आधी तुमचा ऊस किती पाणी पितो ते मोजा.

भीमाकाठ: गाव सोडून गेलेल्यांनी ऊस शिकवू नये. हुरडा खायला येता तेव्हा गोड लागतंय होय?

हिंजवडीत सोलापुरी: हुरडा ज्वारीचा असतो, काका.

साखरपेठकर: धागा चुंबकांचा होता.

गाडीवाला: बरं बाबा, ॲसिडच्या पाण्याची सोय आधी, खोदाई मग. स्टँपपेपरवर लिहून देऊ? पण तोवर चीनच्या पाया पडायचं का, तेही सांगा.

साखरपेठकर: जुन्या मोटरीतली चुंबकं काढायला कुणी हात धरलाय?

गाडीवाला: तीही ॲसिडमध्येच विरघळवतात बहुतेक ठिकाणी. गुगल करा.

साखरपेठकर: माहितीये. डोंगर तर फुटत नाही ना?

बोअरवाला: भांडा तुम्ही. नळाला पाणी आलंय, मोटर लावतो. तिच्यात चुंबक नाही, आधीच सांगतो.