देवनागरी स्लग (पोस्टच्या वेबपत्त्यातला नावाचा भाग) बदलावेत का? गूगलवर इंडेक्सिंग अडलंय, मदत हवी आहे

वर्डप्रेसवर मराठी पाककृतींचा ब्लॉग आहे. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये बऱ्याच पोस्ट 'क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड' (गूगलने पान वाचलं, पण शोधयादीत घेतलं नाही) दिसतात. साइटमॅप (पानांची यादी) दिलाय, गूगलला अडवणाऱ्या रोबॉट्स फाइल आणि नोइंडेक्सच्या सूचना तपासल्या, कॅनॉनिकल (पानाचा मूळ पत्ता सांगणारा टॅग) बरोबर आहे, जुन्या पोस्टमधून लिंकही दिल्या. सर्च कन्सोलमधल्या यूआरएल इन्स्पेक्शनच्या लाइव्ह टेस्टमध्ये पूर्ण मजकूर दिसतो.

संशय स्लगवर आहे. वेबपत्त्यासाठी होणाऱ्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (काना, वेलांटी धरून) 9 अक्षरं खातं आणि वर्डप्रेसची स्लगची मर्यादा 200 अक्षरं आहे, म्हणजे जेमतेम 22 चिन्हं. त्यामुळे 'उपवासाची साबुदाणा खिचडी मोकळी होण्यासाठी' आणि 'उपवासाची साबुदाणा खिचडी चिकट का होते' या दोन्हींचा स्लग 'खिचडी'पाशीच तुटतो, दुसऱ्याला नुसता '-2' लागतो. गूगल त्यांना जवळजवळ एकच पान समजत असेल का? की दोन पोस्टमधला विषयच फार जवळचा आहे? मला दुसरं कारण जास्त पटतं, पण खात्री हवी.

स्लग बदलला की वर्डप्रेस स्वतः 301 (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) लावतं, ती अडचण नाही. मात्र ज्या पोस्टवर आज वाचक येतात त्यांना धक्का नको. होस्टिंग शेअर्ड आहे, पैसे देऊन प्लगइन घेणार नाही.

फक्त इंडेक्स न झालेल्यांचे स्लग छोटे रोमन करावेत, की आधी जवळच्या पोस्ट एकत्र कराव्यात? मराठी साइटवर हे प्रत्यक्ष करून कोणाला फरक दिसलाय?