बंड्याच्या ओठात गरी अडकलीय, पक्कडीने ओढू का? अर्जंट

देवगडची_बाय (रविवार, सं. ६.४०)
आत्ता बीचवर बॉल खेळत होतो, बंड्या (गावठी कुत्रा आहे, ३ वर्षं, १८ किलो) बॉल सोडून भलतंच काहीतरी हुंगायला गेला आणि केकाटतच परत आला, बघते तर वरच्या ओठात मासे पकडायची गरी, कुणीतरी कोळंबी लावलेली तशीच टाकून गेलंय, वर तंगुसाचा (नायलॉनचा) दोरा पण आहे. रक्त थोडंच आहे पण सारखा पंजा मारतोय. इथला सरकारी दवाखाना आज बंद. शेजारचे काका पक्कड घेऊन उभेच आहेत, म्हणतात एक झटका नि मोकळा. ओढू देऊ का? आणि क्रोसिन चालेल का?

सड्यावरची
काकांना आधी घरी पाठव 😅 गरीला टोकाजवळ उलटा काटा असतो गं, मागे ओढली की मांस फाडत येते. आमच्या कुत्रीचा ओठ असाच फाटला, साधी भूल देऊन निघाली असती तिथे टाके पडले. क्रोसिन, ब्रुफेन काही म्हणजे काही देऊ नको, कुत्र्याच्या लिव्हर-किडनीची वाट लागते. जुन्या बादलीचं बूड कापून गळ्यात अडकव, ध्यान दिसतं पण पंजा तोंडाला लागत नाही. खायला नको, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं बरं. १९६२ (जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर) ला फोन लाव, गाडी गुराढोरांसाठीच जास्त फिरते पण विचारायला काय जातं. आणि हात जपून, दुखत असलं की घरचा कुत्रा पण चावतो.

गरवणारो
बाय, मी गरवणारो (गरीने मासे पकडणारो) माणूस, एक विचारतंय. दोऱ्याचं दुसरं टोक कुठे आहे ते बघितलंस का? आम्ही एका दोऱ्याला कधी कधी दोन गऱ्या लावतो. एक ओठात दिसते, दुसरी कोळंबीसकट गिळलेली असू शकते. दोरा घशात जात असेल तर खेचू नको, आखूड कापू पण नको.

देवगडची_बाय
दादा, बॅटरी मारून बघितलं. दोरा आत जातोय 😭

सड्यावरची
मग तिथे थांबू नकोस, कोल्हापूर गाठ. निघायच्या आधी दोन-तीन ठिकाणी फोन करून एक्सरे आणि दुर्बिणीची सोय आहे का विचार, नाहीतर फोंडा घाट चढून जायचं आणि तिथे कुलूप. तोंड बांधू नको, ओकारी आली तर गुदमरेल. ओकारी मुद्दाम काढायला पण जाऊ नको, मीठपाणी वगैरे कुणी सांगेल, ऐकू नको, गरी वर येताना आणखी रुतेल.

देवगडची_बाय (सोमवार, दु. १२.१५)
उशिरा लिहितेय, रात्रभर जागीच होते. एक्सरेत दुसरी गरी पांढरी स्वच्छ दिसली, अन्ननलिकेत. भूल देऊन दुर्बिणीने काढली, पोट फाडावं लागलं नाही. ओठातलीचं टोक पुढून बाहेर काढलं, काटा कापला आणि मग उरलेली मागे सरकवली, दोन मिनिटांचं काम. गरवणारे दादा, तुम्ही विचारलं नसतं तर मी दोरा ओठापाशी कापून झोपले असते. आता पातळ पेज चालू आहे, आंबोळीकडे बघून रडतोय. बादली काढली की लगेच पंजा मारतो, त्यामुळे अजून बादलीतच आहे.