मदत हवी आहे: इंजेक्शनची मस्टँग कार्ब्युरेटरवर नेताना टाकीतल्या पंपाचे काय करावे?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे 1988 ची फोर्ड मस्टँग 5.0 आहे आणि यापुढे ती फक्त ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर) चालवायची आहे. माझ्या गाडीत हवेचे प्रमाण थेट मोजले जात नाही; संगणक ते इनटेक मॅनिफोल्डमधल्या दाबावरून ठरवतो, त्यामुळे मोठा कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवला की व्हॅक्यूम घटतो आणि त्याचा हिशेब चुकतो. मास एअर यंत्रणा (आत येणारी हवा थेट मोजणारी) बसवणे हा सर्वमान्य उपाय आहे, पण मी होलीचा चार बॅरलचा कार्ब्युरेटर बसवायचे नक्की केले आहे. प्रश्न फक्त पेट्रोल पुरवठ्याचा आहे.

मूळ पंप टाकीत बुडालेला असून इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमध्ये (नळीत) सुमारे 39 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब राहतो. कार्ब्युरेटरला 5 ते 7 पीएसआय पुरतात. त्याहून फार जास्त दाब आला तर फ्लोटला (कार्ब्युरेटरमधल्या तरंगत्या भागाला) पेट्रोल आत सोडणारा नीडल व्हॉल्व्ह बंद ठेवता येत नाही, बाऊल (पेट्रोल साठण्याचा कप्पा) भरून वाहू लागतो आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडते.

तोच पंप ठेवून कार्ब्युरेटरजवळ बायपास रेग्युलेटर बसवावा आणि जादा पेट्रोल मूळच्या रिटर्न लाइनने टाकीत परत पाठवावे, असा माझा कल आहे. शंका एकच आहे. ताशी सुमारे 88 लिटरची क्षमता असलेला हा पंप दाब कमी झाल्यावर आणखी जास्त पेट्रोल ढकलेल, आणि आयडलिंगला त्यातले जवळजवळ सगळेच परत जावे लागेल. अशा वेळी मूळची रिटर्न लाइन अरुंद पडली, तर रेग्युलेटरचा स्क्रू कितीही सैल केला तरी दाब हव्या त्या आकड्यापर्यंत उतरणार नाही. ही लाइन कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का, की मोठी नळी टाकणेच योग्य ठरेल?

बाहेरचा कमी दाबाचा पंप बसवायचा झाल्यास तो टाकीजवळ आणि शक्य तितका खाली हवा, कारण असे पंप ढकलण्यात चांगले आणि ओढण्यात कमकुवत असतात. शिवाय टाकीतला बंद पंप मध्ये अडथळा ठरू नये म्हणून त्याच्या जागी साधी नळी बसवावी लागेल. यांत्रिक पंपाचा विचारही मनात आहे: कॅमशाफ्ट बदलण्यासाठी टायमिंग कव्हर (इंजिनाच्या पुढचे झाकण) सध्या उघडेच आहे. मात्र त्यासाठी कॅमच्या टोकाला एक्सेंट्रिक (पंप हलवणारी विकेंद्री चकती) आणि पंपाची जागा असलेले वेगळे कव्हर मिळवावे लागेल. म्हणून निर्णय कव्हर बंद करण्याआधी व्हायला हवा.

सुरक्षेबाबत मला तडजोड करायची नाही. आतापर्यंत इंजिन बंद पडले की संगणक रिलेमार्फत पंप थांबवत असे. संगणक काढल्यावर, अपघातानंतरही इग्निशन चालू राहिले तर पंप पेट्रोल ओतत राहील. डिकीतला इनर्शिया स्विच (जोराचा धक्का बसताच पंप बंद करणारा) मी ठेवणारच आहे. त्याच्या जोडीला ऑइल प्रेशर स्विच (इंजिन ऑइलला दाब असेपर्यंतच पंप चालू ठेवणारा) लावावा की इग्निशनचे स्पंदन ओळखणारा रिले, आणि स्टार्टर फिरत असताना पंपाला वीज कशी द्यावी?

ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी आयडलिंगला आणि पूर्ण थ्रॉटलला कार्ब्युरेटरपाशी मोजलेला दाब, तसेच रिटर्न नळीचा आतला व्यास कृपया कळवावा.