तात्यासाहेबांसाठी समुद्र काढतेय, मदत हवीये

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. २७ फेब्रुवारीला आमच्या वाचनालयात तात्यासाहेबांच्या म्हणजे कुसुमाग्रजांच्या जयंतीला माझं एक चित्र लावणार आहेत, 'कोलंबसाचे गर्वगीत' या कवितेवर, तीन बाय चार फूट कॅनव्हास, अॅक्रिलिकमध्ये. ही कविता आमचे आजोबा लाइट गेले की अंधारात अख्खी म्हणायचे, आवाज चढत जायचा आणि मी गोधडीत शिरून ऐकायचे, त्यामुळे हे चित्र कसंतरी उरकायचं नाहीये मला. पण मी जन्मापासून नाशिकची, समुद्र पाहिलाय फक्त अलिबागचा, तोही भर दुपारी. दोनदा रंगवला, दोन्ही वेळा कॅलेंडरवरचा बीच झाला, फेस तर साबणाचा वाटतो. शेवटी सोमेश्वरला धबधब्यापाशी बसून स्केचेस केली. घरचे म्हणतात ढगात तात्यासाहेबांचा चेहरा काढ. काय करू?

ब्रशवाला_पंचवटी:
ताई, चेहरा नको, कवितेत ते कुठेच नाहीत, तिथे एक माणूस वादळात उभा राहून समुद्राशी बोलतोय. आणि सोमेश्वरचं पाणी खडकावर आपटून फुटतं. किनाऱ्यावरची लाट फुटते कारण खाली तळ उथळ होत जातो. भर समुद्रात तसं नसतं, तिथे पाणी डोंगरासारखं उचललं जातं नि वारा फक्त माथा फाडून नेतो, म्हणून फेसाचे गोळे नको, वाऱ्याच्या दिशेने ओढलेल्या फाटक्या रेघा हव्यात. काळा रंग ट्यूबमधून थेट घेऊ नका, अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी मिसळा, खोल काळोख येतो. रात्र आहे म्हणजे फेसही राखाडी निळाच. कोरा पांढरा फक्त जहाजावरच्या कंदिलाचा उजेड पडतो तेवढ्याच जागी.

जुना_नाशिककर:
बेटा, एक सांगतो, किनारा अजिबात दाखवू नकोस. कवितेचा सगळा जोर शेवटी तिथेच येतो ना, समुद्राला किनाऱ्याची हद्द आहे, माणसाच्या आशेला नाही. ही कविता ज्यात आहे तो 'विशाखा' संग्रह आला १९४२ साली, चले जावचं वर्ष, तेव्हाच्या तरुणांनी त्यातला समुद्र कोण हे बरोबर ओळखलं असणार. म्हणून जहाज लहान चालेल, पण केविलवाणं नको, नाक वर पाहिजे त्याचं. मी ही कविता शाळेत पाठ केली, आज सत्तरी ओलांडली तरी अंगावर काटा येतो.

गोदाकाठची:
काका, वाचून डोळे भरले. काल रात्रीच वाळूचा पट्टा गेसो, म्हणजे कॅनव्हासचा पांढरा अस्तर-रंग, मारून बुजवला, क्षितिज वर सरकवलं, आता लाटा जवळजवळ कॅनव्हासच्या वरच्या कडेपर्यंत चढल्यात आणि जहाज तळहाताएवढं उरलंय. दादा, अंबरचा डोस बरोबर बसला पण सुकल्यावर फारच गडद झालं, आणि हवा इतकी कोरडी की ब्लेंड करेपर्यंत रंग सुकून जातो.

ब्रशवाला_पंचवटी:
अॅक्रिलिक सुकलं की गडद होतंच, एक शेड फिकं लावा. स्प्रेने पाण्याचा हलका फवारा मारत राहा, आणि लाटेच्या माथ्याशी थोडा व्हिरिडियन हिरवा द्या, कंदील पलीकडे आहे ना, पातळ पाण्यातून उजेड हिरवा झिरपतो. फोटो टाका झालं की.