मदत हवी आहे : चंद्रपूरच्या उन्हाळ्यात मधुमेही बाबांचं चालणं घरातल्या घरात कसं चालू ठेवू?

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी विचारते आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं सांगता येईल.

बाबा ६९ वर्षांचे. मधुमेह १४ वर्षांपासून. सकाळी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी, बीपीची वेगळी. डावा गुडघा कुरकुरतो, पण सपाटीवर चालायला त्रास नाही. आईबाबा दोघंच चंद्रपूरला असतात. मी पुण्यात नोकरी करते आणि गेल्या वर्षापासून एप्रिल-मे घरून काम मागून घेऊन त्यांच्याकडे राहते. बाबांची उभी नोकरी कोळसा खाणीत, पाळ्यांची. बसून राहणं त्यांना ठाऊकच नाही. पहाटे रामाळा तलावाकडे पाऊण तास, संध्याकाळी अर्धा तास, असं त्यांचं चालणं. पावसाळ्यातही छत्री घेऊन जातात.

एप्रिल लागला की हे सगळं मोडतं. पारा ४३-४४ वर जातो, मेमध्ये ४५ ओलांडणारे दिवस सलग येतात. पहाटे जा म्हणाल, तर नळ येतो एक दिवसाआड, पहाटे पाच ते साडेसहा. आईची कंबर धरलेली, त्यामुळे ड्रम-बादल्या बाबाच भरतात. ते आटपेपर्यंत सात वाजतात आणि सातचं ऊनही डोक्यात जातं. शिवाय नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, रात्रीसुद्धा गारवा नसतो. दोन-अडीचला डोळा लागलेल्या माणसाला पाचला उठून फिरायला जा म्हणणं माझ्या जिवावर येतं.

मागच्या मार्चमध्ये त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.९ होती. जुलैमध्ये ८.२ आली. गोळ्या त्याच, जेवण तेच, आंब्याच्या फोडीसुद्धा मोजून. बदललं ते फक्त चालणं. पण आकड्यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली. जूनपासून बाबांना जमिनीवरून उठताना हात टेकावा लागायला लागला. "पायातली ताकदच उतरून राहिली," असं ते आईला म्हणत होते. मला नाही म्हणाले. मला ते स्वयंपाकघरातून ऐकू आलं.

बरं, घरात चालून पाहिलं नाही असं नाही. मेमध्ये एका संध्याकाळी साडेसहाला, ऊन उतरलं म्हणून, ते हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागले. पंचवीसेक फेऱ्या झाल्या असतील. एकदम दरदरून घाम आणि हात थरथरायला लागले, भिंतीला धरून खाली बसले. साखर तपासायला घेतली तर ग्लुकोमीटर आकडाच दाखवेना, तापमानाची खूण येत होती. खोली इतकी तापली होती की यंत्रच चालत नव्हतं. आईने साखरेचं पाणी दिलं, मी मानेवर-काखेत ओला टॉवेल ठेवला, कूलरसमोर नेऊन झोपवलं. अर्ध्या तासाने मीटर चाललं तेव्हा ११२. साखर उतरली होती की उकाडा लागला होता, ते आजही कळलेलं नाही.

त्यानंतर मी एक साधा थर्मामीटर आणून हॉलमध्ये टांगला. आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. आठवडाभर वहीत लिहून ठेवलं. साधारण असं दिसलं : सकाळी सहाला ३२, दुपारी दोनला ३७, संध्याकाळी सातला ३९ ते ४०, रात्री दहालाही ३८. म्हणजे बाहेर हवा उतरत असते तेव्हा घर सगळ्यात जास्त तापलेलं असतं, दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब संध्याकाळी खाली सोडतो. आणि आम्ही नेमकी तीच वेळ बरी समजत होतो. कूलरच्या खोलीत दुपारी ३०-३१ असतं, पण तिथे पलंग आणि कपाट सोडून मोकळी जागा सहा पावलांची.

आता पुन्हा एप्रिल सुरू झाला आहे. सहा पावलांच्या खोलीत, दुखऱ्या गुडघ्याने, पायाची ताकद टिकेल असं काय करता येईल? दिवसातली कोणती वेळ धरावी? आणि मागच्या वर्षीसारखं झालं तर साखर उतरली की ऊन लागलं हे ओळखायचं कसं? एसी घेणं या वर्षी शक्य नाही. ट्रेडमिलला जागा नाही. कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद – अकोलेकर

ताई, संध्याकाळच्या स्लॅबचं निरीक्षण अगदी बरोबर. आमच्याकडे अकोल्यातही हेच. आधी घराचा ताप उतरवा, मग व्यायाम. गच्ची झाडून चुन्याचे दोन हात मारा, चुन्यात थोडा फेव्हिकॉल घाला म्हणजे पहिल्या वाऱ्याने उडत नाही. पांढरा रंग ऊन परत फेकतो. पाणी शिंपडायचं मी सांगणार नाही, तुमच्याकडे नळाचीच मारामार आहे.

दुसरं, कूलर चालू असताना समोरची खिडकी अर्धी उघडी ठेवता का? बरेच जण गार हवा जाईल म्हणून सगळं बंद करतात. मग खोलीत ओल साठते, अंगावरचा घाम वाळत नाही आणि गारव्यातही जीव घाबरतो. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून तर कूलर चालतो. कोकणात तो निरुपयोगी. तेव्हा ओली हवा बाहेर जायला वाट द्या. आणि हॉल ४० वर गेला असेल तर नुसत्या पंख्याखाली बसवू नका, तो गरम हवाच अंगावर मारतो. अंग ओल्या फडक्याने पुसत राहिलात तर गोष्ट वेगळी.

तुमच्या जिन्याखाली किंवा तळमजल्यावर बोळ आहे का? स्लॅबपासून जितकं खाली तितकं बरं.

प्रतिसाद – फिजिओथेरपिस्ट, नाशिक

पाऊण तास सलग चालणं डोक्यातून काढून टाका. नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण, प्रत्येकानंतर दहा मिनिटं. जेवणानंतर चढणारी साखर त्याने चांगली आटोक्यात राहते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. दिवसाला तीन वेळा दहा मिनिटं म्हणजे आठवड्याचे २१० होतात. सहा पावलांची खोली पुरते. मात्र वळताना गुडघ्यावर पीळ येतो, म्हणून जागच्या जागी पाय उचलत चालायला सांगा, एक हात पलंगाच्या कडेवर.

पण बाबांची खरी तक्रार पायातली ताकद आहे आणि ती चालण्याने भरून येणार नाही. खुर्चीवरून हात न लावता उठायचं-बसायचं, आठ-दहा वेळा, मग विश्रांती, मग पुन्हा. बसताना धपकन बसू नये, तीन आकडे मोजत खाली यायचं. मांडीचे स्नायू तिथेच तयार होतात. गुडघा दुखला तर खुर्चीवर उशी टाकून उंची वाढवा. ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीला हात टेकून दंड, लिटरभर पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन उचलणे. हे आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभं राहणं रोज, तोल जाऊ नये म्हणून. तुम्ही किंवा आई शेजारी उभ्या राहा.

वेग किती, तर बोलता यावं इतपत. वाक्य पुरं करताना दम लागला की थांबायचं, फेऱ्या मोजत बसायचं नाही. पहिला आठवडा निम्माच करा, अंगाला उष्णतेची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात.

आता मागच्या वर्षीच्या प्रसंगाबद्दल. ग्लिमेपिराइड साखर खाली नेऊ शकतं. साडेसहा म्हणजे दुपारच्या जेवणाला पाच-सहा तास झालेले, पोट रिकामं, त्यात चालणं. घाम आणि थरथर दोन्हीकडे दिसू शकतात. मोजता येत नसेल तर साखर उतरली असं धरून साखरेचं पाणी द्यायचं. तुमच्या आईने केलं ते योग्यच होतं. मीटर आणि पट्ट्या कूलरच्या खोलीत डब्यात ठेवा, बरेच मीटर ४०-४५ अंशांच्या पुढे चालत नाहीत. आणि रिकाम्या पोटी व्यायाम नको.

बीपीची गोळी कोणती? त्यात लघवी वाढवणारं औषध असेल तर उन्हाळा तापायच्या आत डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून बंद मात्र करू नका.

प्रतिसाद – वर्ध्याची

माझ्या सासऱ्यांचं अगदी असंच होतं, म्हणून लिहिते. पन्हं, सरबत यांत गूळ-साखर किती जाते ते कळत नाही. त्यापेक्षा पातळ ताक, त्यात मीठ-जिरं, व्यायामाआधी एक पेला आणि नंतर एक. बीपी असल्याने मीठ किती घालायचं ते तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या. तहान लागायची वाट पाहू नका, म्हाताऱ्या माणसांना ती उशिराच लागते.

आणि एक जपा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजत असेल, शुद्ध हरपत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, पंखा लावा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "खुर्चीवरून उठणं म्हणजे व्यायाम असते का?" आणि उठून दाखवलं. सहाव्या वेळी हात लागला. आकडा वहीत लिहून ठेवला आहे.

बीपीच्या गोळीची पट्टी पाहिली. टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड आहे, म्हणजे लघवी वाढवणारं औषधच. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली, मिठाचंही तेव्हाच विचारते.

अकोलेकर, तळमजल्यावर भाडेकरूंच्या दारापुढे वीसेक पावलांचा बोळ आहे, तीन बाजूंनी सावली. आज सकाळी साडेसातला थर्मामीटर तिथे नेऊन ठेवला, तर हॉलपेक्षा तीन अंश कमी होतं. त्यांची हरकत नाही म्हणाले. नाश्त्यानंतरची दहा मिनिटं तिथे आणि दुपारची कूलरच्या खोलीत, असं ठरवतो आहोत. रात्रीच्या जेवणानंतरचं काय करावं ते अजून सुटलं नाही, कारण तेव्हा हॉल ३८ ला असतो आणि बोळात दिवा नाही. दिवा बसवून घेता येईल.

फिजिओ ताई, एक विचारायचं राहिलं. जिना उतरून बोळात जायचं तर १८ पायऱ्या आहेत. चढताना गुडघा दुखत नाही, उतरताना दुखतो. दिवसातून दोनदा उतरणं चालेल, की एकदाच ठेवू?